विद्यापीठाची नेटवर्क-वापर नियमावली नव्याने लिहायची आहे. त्यात काय घालावं?

सर्व्हररूम_तळमजला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. राज्य विद्यापीठाच्या मुख्य परिसरात संगणक केंद्राचं काम बघतो. साधारण १८०० विद्यार्थी, तीन होस्टेलं, विभागांच्या लॅब, मध्यवर्ती ग्रंथालय, १ जीबीपीएसची लाईन, एक फायरवॉल आणि लॉगिनसाठी कॅप्टिव्ह पोर्टल (नेट सुरू होण्याआधी उघडणारं पान) असा पसारा आहे.

‘आयटी पॉलिसी’ नावाचा २२ पानांचा दस्तऐवज आहे. नॅकच्या (महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी परिषद) चौथ्या निकषासाठी घाईत, कुठल्या तरी अमेरिकन विद्यापीठाकडून उतरवलेला. त्यात डीएमसीए (अमेरिकेचा कॉपीराइट कायदा) आहे, फर्पा (तिथला विद्यार्थ्यांच्या नोंदींचा कायदा) आहे, आणि आपल्याकडे अस्तित्वातच नसलेल्या ‘ओम्बड्स ऑफिस’कडे (तक्रार निवारण कार्यालय) दाद मागा असंही आहे. तो ना विद्यार्थ्यांनी वाचलाय, ना कर्मचाऱ्यांनी. आता आयक्यूएसीने (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) नवीन मसुदा मागितलाय. तीन पानांत बसेल आणि खरोखर अमलात आणता येईल असं हवंय.

अडचणी बहुधा सगळीकडे सारख्याच असतील. होस्टेलमध्ये मुलं स्वतःचे राउटर लावतात आणि मग अख्खा मजला बंद पडतो. टोरंट (मोठ्या फायली वापरकर्त्यांनी परस्पर वाटायची पद्धत) चालतात. या वर्षी एका प्रकाशकाने ‘मोठ्या प्रमाणावर डाउनलोड’ म्हणून आमचा पूर्ण परिसर दोनदा ब्लॉक केला. विभागांत शैक्षणिक परवान्यावरच्या सॉफ्टवेअरवर बाहेरची कन्सल्टन्सीची कामं होतात. प्राध्यापकांचे पासवर्ड ऑफिसातल्या सगळ्यांना पाठ आहेत. लॉग (नेटवर्क-वापराच्या नोंदी) किती दिवस ठेवायचे आणि त्यात काय बघायचा अधिकार आम्हाला आहे, हेही लेखी कुठेच नाही.

कुठून सुरुवात करू?

केबल_काका

होस्टेलपासून करा. तक्रारी सगळ्यात जास्त तिथूनच येतात आणि इलाजही सरळ आहे.

‘वैयक्तिक राउटर लावण्यास सक्त मनाई’ हे वाक्य तुमच्या जुन्या पॉलिसीत असणारच. ते काही कामाचं नाही, कारण राउटरमुळे दोन वेगळ्या भानगडी होतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिली भानगड: मुलगा भिंतीतली केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (खोलीतल्या यंत्रांसाठीचा) खुपसतो. राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर मग पूर्ण मजल्याला नेटवर्कचे (आयपी) पत्ते वाटायला लागतो. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मशीन घेतं, आणि शेजारच्या खोलीतला राउटर तुमच्या सर्व्हररूमपेक्षा जवळ असतो. ओळखायची खूण: तक्रार करणाऱ्याच्या मशीनवर १९२.१६८.०ने किंवा १९२.१६८.१ने सुरू होणारा पत्ता, गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) त्याच मालिकेतला, आणि पोर्टलचं पान उघडतच नाही. अर्ध्या खोल्यांत चालतं, अर्ध्यांत नाही, म्हणून स्विच बिघडला असं वाटतं.

इलाज स्विचवर आहे. मॅनेज्ड स्विच (ज्याच्या सेटिंग बदलता येतात) असेल तर डीएचसीपी स्नूपिंग सुरू करा, फक्त वरच्या स्विचकडे जाणारा पोर्ट ‘ट्रस्टेड’ ठेवा. बाकी कुठल्याही पोर्टवरून आलेलं डीएचसीपीचं उत्तर स्विच टाकून देतो. सावधगिरी एकच: अपलिंक (तोच वरचा पोर्ट) ट्रस्टेड करायला विसरलात तर खऱ्या सर्व्हरची उत्तरंही अडतात आणि इमारतच बंद पडते. त्यामुळे आधी अपलिंक ट्रस्ट करा, मग स्नूपिंग सुरू करा. एका मजल्यावर, दिवसा, कन्सोल केबल लावून.

दुसरी भानगड: केबल वॅन पोर्टमध्ये (बाहेरच्या लाईनसाठीचा) लावली. आता नेटवर्क पडत नाही, पण राउटरमागे पाच जण एकाच लॉगिनवर बसतात. उद्या काही झालं तर लॉगमध्ये एकाच मुलाचं नाव. पोर्ट सिक्युरिटीने हे सापडत नाही, कारण स्विचला एकच मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख-क्रमांक) दिसतो. टीटीएलवरून (डेटाच्या पाकिटावरचा आकडा, प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो) अंदाज येतो: विंडोजचं पाकीट १२८ने आणि लिनक्स-अँड्रॉइडचं ६४ने निघतं, मध्ये राउटर असला की १२७ आणि ६३ दिसतं. पण हा अंदाजच आहे, ज्याला बदलायचा तो टीटीएल बदलतो. माझ्या मते इथे तंत्र कमी आणि नियम जास्त उपयोगी: ‘ज्याचं लॉगिन त्याची जबाबदारी’ हे एक वाक्य ठळक लिहा.

लूपचंही बघा. खोलीतल्या पाच पोर्टच्या स्वस्त स्विचची दोन टोकं एकमेकांत लावली की ब्रॉडकास्टचं वादळ उठतं, म्हणजे सगळ्यांना जाणारे संदेश गोल फिरत वाढत जातात. खोल्यांच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावा, आपणच पाठवलेला बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात तो तपासणी-संदेश) परत आला की पोर्ट बंद होतो. काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात, म्हणून जोडीला स्टॉर्म कंट्रोलही (असं वादळ मर्यादेवर अडवणारी सोय) ठेवा. बंद पडलेला पोर्ट ३०० सेकंदांनी आपोआप सुरू होईल असं लावून ठेवलं की रात्री दोनला फोन येत नाही.

आणि मुलं राउटर का लावतात ते आधी तपासा. ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारं उपकरण) कॉरिडॉरमध्ये आणि खोलीला लोखंडी दरवाजा असला की ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल आत पोचत नाही. पलंगावर मोबाइल ठेवून मोजा. उणे ६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास असेल तर व्हिडिओ नीट चालतो, उणे ७५च्या खाली गेला की रडारड सुरू. मग मुलगा २.४वर राउटर लावतो. त्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. असे दहा राउटर झाले की तुमचेही ॲक्सेस पॉइंट निकामी. सिग्नल देता येत नसेल तर बंदी घालू नका. नोंदणी करून, डीएचसीपी बंद ठेवून, ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायची परवानगी द्या आणि चॅनेल तुम्ही ठरवून द्या.

सर्व्हररूम_तळमजला

काका, दोन होस्टेलांत मॅनेज्ड स्विच आहेत, तिसऱ्यात नाहीत. आणि आमची नोंदणी मॅक पत्त्यावर आहे. ती मध्येच गळते, त्याच मुलाला पुन्हा पुन्हा नोंदणी करावी लागते.

केबल_काका

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन प्रत्येक वाय-फायला बनावट मॅक पत्ता देतो. नेटवर्क ‘विसरून’ पुन्हा जोडलं, किंवा फोन रीसेट केला, की नवा पत्ता येऊ शकतो. तुमच्या यादीत मग एकाच फोनच्या चार नोंदी. परिसराच्या वाय-फायपुरता ‘फोनचा मूळ मॅक’ निवडायला सांगता येतं, पण १८०० जणांना किती वेळा सांगणार? मॅक सोडा, ८०२.१एक्सवर (वाय-फायला व्यक्तीनिहाय लॉगिनची पद्धत) या. प्रत्येकाचं नाव-पासवर्ड, त्याच सर्व्हरवर पुढे एड्युरोमही (जगभरच्या विद्यापीठांची सामायिक वाय-फाय सेवा) जोडता येईल. भारतात एड्युरोमचं काम अर्नेट (शिक्षण-संशोधन संस्थांना नेटवर्क देणारी सरकारी संस्था) बघतं.

फक्त एक चूक टाळा. जोडणीच्या सूचनापत्रकात ‘सर्टिफिकेट: डू नॉट व्हॅलिडेट’ (म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र तपासू नका) असं छापू नका. तसं केलं की कोणीही त्याच नावाचं खोटं वाय-फाय उभं करून पासवर्ड गोळा करू शकतो, आणि तोच पासवर्ड ईमेलचा आणि परीक्षा पोर्टलचा असतो. सर्टिफिकेट आणि डोमेनचं नाव दोन्ही भरायला लावा. नव्या अँड्रॉइडमधून तो पर्याय काढूनच टाकलाय, त्यामुळे तुमचं जुनं पत्रक तसंही चालणार नाही.

तिसऱ्या होस्टेलात निदान प्रत्येक मजल्याचा पहिला स्विच मॅनेज्ड घ्या. एका मजल्याचं लफडं मग दुसऱ्यावर जाणार नाही.

ग्रंथदालन

प्रकाशकाच्या ब्लॉकबद्दल लिहिते, कारण पॉलिसीत सगळ्यात दुर्लक्षित कलम हेच असतं आणि फटका पूर्ण विद्यापीठाला बसतो.

१ जानेवारी २०२५पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल्स केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना खुली झाली, व्यवस्था गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे (विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारं केंद्र). करार मात्र तेच जुने आहेत: वाचा, अभ्यासापुरतं उतरवा, पण रोबो किंवा स्क्रिप्ट लावून पद्धतशीर उपसा करू नका आणि बाहेरच्याला देऊ नका. प्रकाशक आयपी पत्त्यावरून वेग मोजतो. तुमचे सगळे विद्यार्थी नॅटमागे (आतले अनेक पत्ते बाहेर एकच दाखवणारी सोय) एका सार्वजनिक पत्त्यावर असतील, तर प्रकाशकाच्या लेखी ते सगळे मिळून एकच वाचक. एकाने काही केलं की सगळे बाहेर.

हे करणारा बहुतेक वेळा चोर नसतो. पीएचडीचा विद्यार्थी झोटेरोमध्ये (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) सहाशे संदर्भ निवडतो आणि ‘पीडीएफ शोधा’ दाबतो. एंडनोटमध्येही तशीच सोय आहे. कोणाच्या ब्राउझरमध्ये पानावरचे सगळे दुवे आधीच उघडून ठेवणारं एक्स्टेन्शन असतं, त्याला आपण काय करतोय हे माहीतही नसतं. कोणी रिव्ह्यू पेपरसाठी पायथनची दहा ओळींची स्क्रिप्ट लिहितो. म्हणून ‘अवैध डाउनलोड करू नये’ असं लिहून भागत नाही. असं लिहा: संदर्भ व्यवस्थापकातून एकावेळी थोडेच लेख मागवा, स्क्रिप्ट किंवा डाउनलोड मॅनेजर लावू नका, टेक्स्ट मायनिंग (हजारो लेखांचं संगणकाने विश्लेषण) करायचं असेल तर आधी ग्रंथपालांना भेटा. मोठ्या प्रकाशकांकडे त्यासाठी एपीआय (प्रोग्रामने माहिती मागायची अधिकृत वाट) असतो, किल्ली मिळते, आणि तो मार्ग वैध आहे.

ब्लॉक झाल्यावर काय करायचं, तेही पॉलिसीला जोडून ठेवा. प्रकाशकाच्या पत्रात आयपी आणि वेळ असते. वेळ बहुधा जीएमटीत असते, साडेपाच तास मिळवा. नाहीतर भलत्याच मुलाला बोलावाल. नॅट लॉगमधून त्या वेळी त्या प्रकाशकाच्या पत्त्यावर सर्वाधिक जोडण्या कोणाच्या लॉगिनवरून होत्या ते काढा. फक्त तेवढं लॉगिन थांबवा, विद्यार्थ्याशी बोला, उतरवलेल्या फायली पुसायला लावा, आणि प्रकाशकाला काय झालं, कशामुळे झालं, काय केलं एवढं तीन-चार ओळींत कळवा. एवढं नीट कळवलं की प्रवेश सहसा परत सुरू होतो. उत्तर न देता ‘आमचं नेट चालत नाही’ म्हणून फोन करत बसलं की ताटकळतं.

मोठ्या संस्थांनाही यातून सूट नसते. ऑक्टोबर २०१०मध्ये जेस्टोरने (जर्नलांचा ऑनलाइन संग्रह) एमआयटीचा प्रवेश काही दिवस बंद केला होता. ॲरन स्वार्ट्झ या प्रोग्रामरने तिथल्या नेटवर्कवरून स्क्रिप्टने चालवलेल्या डाउनलोडमुळे. त्या दिवसांत तिथल्या बाकी संशोधकांनाही जेस्टोर उघडत नव्हतं.

परिसराबाहेरून वाचणाऱ्यांसाठी इन्फेड (संस्थेच्या लॉगिनने जर्नल उघडायची इन्फ्लिबनेटची सोय) लावून घ्या. लॉगिन व्यक्तीनिहाय असल्याने काही घोळ झाला तर तीच व्यक्ती सापडते. आणि लॉगिन कोणाला देऊ नका, हे का ते कारणासकट लिहा. मार्च २०१८मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ज्या इराणी टोळीवर आरोपपत्र ठेवलं, ती विद्यापीठांच्या खोट्या लॉगिन पानांवरून प्राध्यापकांचे पासवर्ड मिळवत होती. अमेरिकेतली १४४ आणि बाहेरच्या २१ देशांतली १७६ विद्यापीठं त्यांच्या निशाण्यावर होती. ‘तुमचं ग्रंथालय खातं उद्या बंद होईल’ असा ईमेल आला की दुवा दाबायचा नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा.

कलमबहाद्दर

कायद्याचं मी सांगतो. आधी डीएमसीए आणि फर्पा खोडा, ते अमेरिकेचे कायदे आहेत. मग शोधा, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ आहे का? असेलच. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ला रद्द केलं, तरी कितीतरी संस्थांच्या नियमावलीत अजून ठाण मांडून बसलंय. ‘आक्षेपार्ह संदेश पाठवल्यास ६६-अ अन्वये कारवाई’ असं लिहिलेलं पत्र विद्यार्थ्याच्या हातात पडलं तर लाज तुमचीच.

जे ठेवायचं ते असं. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चं कलम ४३ (परवानगीविना प्रवेश, डेटा काढणं, व्हायरस सोडणं, सेवा अडवणं) आणि तेच लबाडीने केलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं ६६-क: तीन वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. कॉपीराइट कायदा १९५७चं कलम ६३ (कॉपीराइटचा भंग), आणि सॉफ्टवेअरसाठी ६३-ब. पायरेटेड आहे हे माहीत असूनही प्रोग्राम वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. लक्षात घ्या, ६३-ब हे वापरणाऱ्याला लागतं, विकणाऱ्यापुरतं नाही. विभागप्रमुखांना हे एकदा वाचून दाखवा.

लॉगबद्दल: सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. लॉग सलग १८० दिवस जपायचे, सायबर सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायची. हे निर्देश आपल्याला लागू होतात की नाही यावर बैठका घेण्यापेक्षा १८० दिवसांची डिस्क घ्या. फायरवॉलच्या आतल्या डिस्कवर इतकं मावत नाही, आठवड्यात जुने लॉग पुसले जातात. वेगळा सिसलॉग (लॉग साठवणारा) सर्व्हर लागतो. आणि सहा तासांत कोण कळवणार त्याचं पद लिहा. शनिवारी रात्री वेबसाइटवर कोणी भलतं पान चढवलं तर सोमवारी फाइल फिरवायला वेळ नसतो.

लॉग कोणी बघायचे? हे कलम विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहा, म्हणजे तुम्हीही सुरक्षित राहाल. नेटवर्क चालवण्यासाठी एकूण आकडे ॲडमिन बघू शकतो. एका विशिष्ट व्यक्तीच्या नोंदी काढायच्या असतील तर कुलसचिवांचा लेखी आदेश, त्यात कारण आणि कालावधी, आणि काढताना दोन माणसं हजर. रेक्टरांनी फोनवर ‘अमुक मुलगी रात्री काय बघते सांग’ म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणायला तुमच्याकडे कागद असतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल २०१७चा आहे, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३चा. डेटा ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी वापरायचा, हे तत्त्व आत्ताच लिहून टाका.

होस्टेलच्या वेळांबद्दलही जपून. केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ला कोळिकोडजवळच्या एका कॉलेजच्या होस्टेलचा ‘संध्याकाळी ६ ते १० फोन जमा करा’ हा नियम मोडीत काढला, आणि इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून समोर येतोच.

शिक्षेचं थोडक्यात. नेटवर्क वाचवण्यासाठी जोडणी तोडणं ही शिक्षा नव्हे, ते ॲडमिनने लगेच करावं. शिक्षा म्हणून तोडायचं असेल तर लेखी नोटीस, म्हणणं मांडायची संधी, मग आदेश. आणि जोडणी तोडली तरी परीक्षा पोर्टल, विद्यापीठाची वेबसाइट, ईमेल चालू राहील अशी वेगळी वाट फायरवॉलवर ठेवा. हॉल तिकीट उतरवता आलं नाही म्हणून मुलगा कोर्टात गेला तर मूळ टोरंट बाजूला राहतं.

होस्टेल_तिसरा_मजला

विद्यार्थी म्हणून विचारतो. व्हीपीएन (सांकेतिक बोगद्यातून नेट वापरायची सोय) बंद, पोर्ट २२ (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची वाट) बंद, त्यामुळे गिट (कोड सांभाळायचं साधन) चालत नाही, क्लाउडवरचा सर्व्हर उघडत नाही. असाइनमेंट मोबाइल डेटावर करायची का? आणि खरं सांगा, आम्ही काय बघतो ते तुम्हाला दिसतं का?

केबल_काका

दुसऱ्याचं आधी. पानं एचटीटीपीएसवर (सांकेतिक जोडणीवर) असतात, त्यामुळे कुठल्या डोमेनवर गेलास, कधी, किती एमबी, एवढं दिसतं. पानावर काय होतं, काय टाइप केलंस, पासवर्ड काय, हे दिसत नाही. अपवाद एकच: संस्थेने स्वतःचं रूट सर्टिफिकेट तुझ्या मशीनवर टाकायला लावलं असेल तर फायरवॉल मध्ये बसून सगळं उलगडू शकतो. लॅबच्या मशीनवर ते समजू शकतो. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोनवर मागू नये असं माझं मत, आणि कुठेही वापरत असाल तर पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं हवं, बँकेच्या साइट वगळून.

आता ॲडमिनसाहेबांना: सरसकट बंदीने काही साधत नाही. पोर्ट २२ बाहेर जायला उघडा. आत येणारा बंद ठेवा, तो धोका वेगळा. व्हीपीएन अडवलं की मुलं फुकटची संशयास्पद व्हीपीएन ॲप घेतात, आणि आता तुम्हाला डोमेनही दिसत नाही. खरी समस्या बँडविड्थची आहे, ती बँडविड्थनेच सोडवा. १००० एमबीपीएस भागिले १८०० म्हणजे प्रत्येकी अर्धा एमबीपीएस, पण सगळे एकदम नसतात. रात्री चारशे जण एकाच वेळी जोरात वापरत असतील तर प्रत्येकी अडीच येतात. दिवसा प्रत्येक लॉगिनला १० एमबीपीएसची मर्यादा, रात्री १ ते सकाळी ६ मोकळं सोडा. मोठी डाउनलोडं आपोआप रात्री सरकतात. महिन्याचा डेटा कोटा मला आवडत नाही. २० तारखेला संपतो आणि मग मुलगा मित्राचं लॉगिन मागतो, म्हणजे लॉगिन वाटण्याची सवय तुम्हीच लावली.

टोरंटचं दुखणं वेगापेक्षा जोडण्यांच्या संख्येत आहे. एका सार्वजनिक पत्त्यामागे साधारण ६४ हजार पोर्ट (इथे जोडण्यांचे क्रमांक, स्विचचे नव्हेत), आणि एक बेशिस्त क्लायंट हजारो जोडण्या उघडून बसतो. मग बाकीच्यांची पानं अर्धवट उघडतात आणि लाईन मात्र रिकामी दिसते. प्रत्येक वापरकर्त्याला एकावेळच्या जोडण्यांची मर्यादा घाला, शक्य असेल तर नॅटला चार-सहा सार्वजनिक पत्ते द्या. ग्रंथदालन मॅडमचा एका पत्त्याचा प्रश्नही त्याने हलका होतो: ग्रंथालय, विभाग आणि होस्टेल वेगवेगळ्या पत्त्यांवरून बाहेर काढा. टोरंटवरून लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवणं बेकायदा नाही, त्यामुळे ‘टोरंट’ या शब्दावर बंदी लिहू नका. परवान्याशिवायचे चित्रपट, पुस्तकं, सॉफ्टवेअर असं लिहा.

क्लस्टरवाला

सॉफ्टवेअर आणि संगणनाबद्दल. शैक्षणिक परवान्यात शिकवणं वेगळं, संशोधन वेगळं, आणि पैसे घेऊन केलेलं काम तिसरंच. विभाग टेस्टिंग फी घेऊन कारखान्याला ॲनालिसिस रिपोर्ट देत असेल तर ते बहुतेक शैक्षणिक परवान्यांत बसत नाही, मग पावती विद्यापीठाच्या नावाची असली तरी. नियम असा करा: कन्सल्टन्सीच्या प्रस्तावात ‘कोणतं सॉफ्टवेअर, कोणता परवाना’ हा रकाना भरल्याशिवाय मंजुरी नाही. रिपोर्टच्या प्रत्येक पानावर ‘अकॅडेमिक’ असा शिक्का उमटवणारी सॉफ्टवेअरं आहेत. कारखानदाराला तो दिसतो आणि कंपनीलाही.

फ्लोटिंग परवाने (ठरावीक संख्येत, ज्याला लागेल त्याने घ्यायचे) असतील तर लायसन्स सर्व्हरच्या लॉगमध्ये कोणी, कुठल्या मशीनवरून, किती वेळ परवाना धरून ठेवला हे सगळं असतं. दुपारी ‘परवाना शिल्लक नाही’ असं येतं तेव्हा बहुधा सकाळच्या बॅचने खिडकी बंद न करता मशीन सोडलेलं असतं. लायसन्स सर्व्हरच्या ऑप्शन्स फायलीत निष्क्रिय राहिल्यास परवाना परत घ्यायची वेळ घालता येते, कंपनीने तशी मुभा दिली असेल तर. आणि लायसन्स सर्व्हरचा पोर्ट, बऱ्याचदा २७०००, परिसराबाहेर उघडा नाही ना ते तपासा. उघडा असेल तर तुमचे परवाने बाहेरचा कोणीही वापरू शकतो आणि करारभंग तुमच्या नावावर.

लॅबच्या मशीनवर ‘ॲक्टिव्हेटर’ (विनापरवाना सॉफ्टवेअर चालू करणारा प्रोग्राम) चालवण्याला थारा देऊ नका. ते चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच्यासोबत मायनर (तुमच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टो चलन कमावणारा प्रोग्राम) किंवा पासवर्ड चोरणारं काहीतरी आत शिरतं. विद्यार्थ्यांना ॲडमिन अधिकार न देणं आणि मशीन रीस्टार्ट झालं की मूळ स्थितीला नेणारं सॉफ्टवेअर, या दोन्हींनी बराच ताप वाचतो.

जीपीयू लॅब किंवा क्लस्टर (मोठ्या गणितांसाठी जोडलेली अनेक मशीन) असेल तर त्याला अर्ध्या पानाचं वेगळं परिशिष्ट द्या. लॉगिन नोडवर (सगळे जिथून आत येतात ते मशीन) काम चालवायचं नाही, स्लर्मच्या (कामं वाटून देणारं सॉफ्टवेअर) रांगेतूनच जायचं. एक जण लॉगिन नोडवर बत्तीस धागे (एकाच वेळी चालणारी कामं) सोडतो आणि बाकीच्यांचं टाइप केलेलं अक्षरही उमटत नाही. स्क्रॅचमधल्या (तात्पुरत्या साठवणुकीच्या जागेतल्या) जुन्या फायली किती दिवसांनी पुसणार ते लिहा आणि खरोखर पुसा. खातं प्रकल्पाचं नव्हे, व्यक्तीचं. एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची फाइल) गटात वाटायची नाही. आणि क्रिप्टो मायनिंग नाव घेऊन लिहा, ‘वैयक्तिक फायदा’ असं मोघम नको. २०१४मध्ये हार्वर्डच्या ओडिसी क्लस्टरवर कोणीतरी डोजकॉइनचं मायनिंग चालवलं होतं. त्याला संगणन सुविधेतून कायमचं बाहेर काढलं. ओळखायला अवघड नाही: जीपीयू तासन्‌तास शंभर टक्के, डिस्कवर जवळजवळ काही लिहिलं जात नाही, आणि बाहेरच्या एकाच पत्त्याशी बारीक पण अखंड बोलणं. कंप्यूट नोडना (प्रत्यक्ष गणितं करणाऱ्या मशीनना) थेट इंटरनेटच दिलं नाही तर हा प्रकार बहुतेक सुरूच होत नाही.

कलमबहाद्दर

ऑफिसातल्या पासवर्डबद्दल कोणी बोललं नाही. ‘पासवर्ड सांगू नये’ लिहून थांबू नका, प्राध्यापक तो हौसेने सांगत नाहीत. अंतर्गत गुण भरायचं पोर्टल एकालाच लॉगिन देतं आणि शेवटच्या दिवशी दोनशे मुलांचे गुण चढवायचे असतात, मग पासवर्ड लिपिकाकडे आणि ओटीपी व्हॉट्सॲपवर. पोर्टल बनवणाऱ्याकडून ‘भरणारा’ आणि ‘मंजूर करणारा’ अशा दोन भूमिका करून घ्या. गुण बदलल्याचा वाद झाला तर आज लॉगमध्ये प्राध्यापकांचंच नाव येईल, आणि ते त्यांना महागात पडेल. बदली आणि निवृत्तीच्या दिवशी खातं बंद करणं आस्थापना विभागाच्या ना-देय प्रमाणपत्राला जोडा. वेगळं पत्र पाठवावं लागलं तर कोणी पाठवत नाही.

सर्व्हररूम_तळमजला

सगळ्यांचे आभार. मसुद्याची मांडणी अशी ठरवतोय: पहिल्या पानावर विद्यार्थ्यांसाठी दहा-बारा वाक्यं मराठीत, दुसऱ्यावर कर्मचाऱ्यांसाठी, तिसऱ्यावर संगणक केंद्र काय बघेल आणि काय बघणार नाही. स्विचची मांडणी, बँडविड्थचे आकडे आणि क्लस्टरचे नियम परिशिष्टात, म्हणजे दर वेळी व्यवस्थापन परिषदेकडे जावं लागणार नाही. पहिलं पान प्रवेशाच्या वेळी सही घेऊन द्यायचं की पोर्टलवर ‘मान्य’ बटण पुरे?

ग्रंथदालन

दोन्ही. पण पोर्टलवर बटणाआधी फक्त चार ओळी दिसू द्या: लॉगिन वाटू नका, स्क्रिप्टने जर्नल उतरवू नका, राउटर नोंदवा, अडचण आली तर हा क्रमांक. पूर्ण पान दुव्यामागे. वर्षातून एकदा, जूनमध्ये, बटण पुन्हा दाबायला लावा. पीएचडीवाल्यांना मात्र कोर्सवर्कमध्ये झोटेरो प्रत्यक्ष दाखवूनच सांगा, कागदावरून ते कळत नाही.

केबल_काका

परिशिष्टात एक ओळ माझ्याकडून घाला: कुठल्याही स्विचवर बदल करण्याआधी चालू कॉन्फिगरेशनची प्रत दुसऱ्या मशीनवर, तारखेसह. आणि बदल नीट चालतोय असं दिसेपर्यंत तो स्विचच्या कायम मेमरीत सेव्ह करू नका. फसलं तर वीज बंद-चालू केली की जुनं परत येतं. तिसऱ्या होस्टेलचे स्विच घेताना निविदेत डीएचसीपी स्नूपिंग, बीपीडीयू गार्ड आणि स्टॉर्म कंट्रोल ही तिन्ही नावं लिहा. नुसतं ‘मॅनेज्ड स्विच’ लिहिलं तर सगळ्यात स्वस्त ‘स्मार्ट’ स्विच येतो आणि त्यात यातलं निम्मं नसतं.